मध्यंतरानंतरचा सिनेमा

माधवनगरच्या मगदूमांच्या आक्काताईला सिनेमाचा भारी नाद. पण इतकी वर्षं सिनेमे बघूनही तिनं एकाचाही शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

त्याला कारण तिचं जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, हा नेम आक्काताईनं सासरी आल्यापासून मोडला नव्हता. सांगलीच्या थेटरात तीनचा खेळ सुटायचा सहाला. सहाला सुटून माधवनगर गाठायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या. तोवर सूर्य काही मगदूमांसाठी थांबणार नव्हता. म्हणून मध्यंतराचे दिवे लागले, की आक्काताई पदर सावरून उठायची. दारावरचा माणूस तिला ओळखायला लागला होता. “आक्का, निघालासा? खरी मज्जा आता हाय बगा,” असं तो दर वेळी म्हणायचा. आणि आक्काताई दर वेळी त्याच्याकडे रोखून बघायची, की हा आपल्याला थांबवायला बघतोय, त्यात याचा काय डाव असेल?

घरात सून होती. तिला चुलीपाशी धाडून आपण थांबावं, एवढी साधी गोष्ट. शेजारची विजयमाला तसं बोलूनही दाखवायची. पण आक्काताईचा सुनेच्या हातावर भरवसा नव्हता.

तसा तो कुणावरच नव्हता. गवळ्याच्या दुधाचा थेंब ती अंगठ्याच्या नखावर ठेवून बघायची, पसरतो का ठरतो. दुकानदारानं मोजून दिलेलं कापड घरी येऊन आपल्या हातानं पुन्हा मोजायची. कुणी फार गोड बोललं, की त्या दिवशी मांडणीवरच्या भांड्यांकडे तिची दोनदा नजर जायची. नवरा बाळगोंडा सुताच्या दुकानात बसणारा, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणायचा, “म्होरं बघायला देवानं डोळं दिलं, तर हिनं सारा जल्म त्येंनी मागंच बघितलं.”

सुनेचं नाव चंदनबाला. तिला बघायला गेले, तेव्हा आक्काताईनं गाणं म्हणायला सांगितलं नाही की विणकाम बघितलं नाही. सरळ म्हणाली, “पोरी, एक घागर पाणी गाळ.” पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि गाळायचं ते फडकं दुहेरी करून, हे त्यांच्यातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. चंदनबालाही जाणून होती. पण त्या दिवशी ती गडबडली, आणि तिनं घागरीच्या तोंडावर फडकं टाकलं ते एकेरीच. ओतलं पाणी. आक्काताईनं बघितलं. बाळगोंडानं बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं, आणि सुपारी फोडूनच तो उठला. लग्नाला चार वर्षं झाली, पण आक्काताईच्या डोळ्यांपुढचं ते एकेरी फडकं काही हललं नाही. चंदनबालानं भाकरी थापाव्या, धुणं धुवावं, शेंगा फोडाव्या. पाण्याला आणि चुलीला हात लावायचा तो सासू शेजारी उभी असताना.

म्हणून सिनेमाच्या दिवशी आक्काताई मध्यंतराला घरी यायची आणि चंदनबाला मागं राहायची. पुऱ्या सिनेमाचं तिकीट काढायचं आणि अर्धाच बघायचा, हे आक्काताईला सोसण्यासारखं नव्हतं. कुणीतरी तो पुरा वसूल करायला हवा. चंदनबाला वसूल करायची. घरी येईतो दिवस गेलेला असायचा, म्हणजे तिला रात्रीचं जेवण नाही. ते तिला चालायचं. सासूच्या संशयाला ही आणखी एक जागा. उपाशी राहून जी पोरगी सिनेमा बघते, तिला त्यात काय मिळतं?

मग दिवेलागणीला सोप्यात बसून उरलेला सिनेमा सांगायचा. शेजारची बनुबाई यायची, विजयमाला यायची. विजयमालेचा नवरा मानसिंग पलटणीत होता आणि सासरा तिला थेटराची पायरी चढू देत नव्हता, त्यामुळे तिचे सगळे सिनेमे मगदूमांच्या सोप्यातलेच. पूर्वार्ध आक्काताई सांगायची, तोही आपल्या मतासकट. “तो मोठा भाऊ सारका हसतोय. त्येच्या पोटात काय तरी हाय.” सिनेमांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. तिच्या लेखी एक आंधळ्या म्हाताऱ्याचा सिनेमा होता, एक फाटकाचा होता, एक माकडवाल्याचा होता. मध्यंतर आलं, की ती मांडीवरची शेंगांची पाटी खाली ठेवायची आणि म्हणायची, “हितनं म्होरं हिला ठावं.”

चंदनबाला सांगायची मात्र सुरेख. मॅट्रिक झालेली होती, वाचनालयातून पुस्तकं आणून दुपारी मोठ्यानं वाचायची. पुस्तकांच्या बाबतीत आक्काताईची एक अट होती. शेवटचं पान आधी वाचायचं. लिहिणारा माणूस कुठं घेऊन चाललाय हे कळल्याशिवाय ती त्याच्याबरोबर एक पाऊल टाकायला तयार नसायची. पोथीची ठळक अक्षरं तिला लावून लावून वाचता येत होती. त्या जोरावर ती शेवटच्या पानावर बोट फिरवून खात्रीही करून घ्यायची. सिनेमाला शेवटचं पान नव्हतं. तिथं सून म्हणेल ते.

आणि सून म्हणायची ते आक्काताईच्या मनाला हळूहळू टोचायला लागलं होतं.

तिनं बघितलेल्या अर्ध्यात सासू ताठ असायची. कमरेला किल्ल्या, बोलण्याला धार, चालणं बघावं. मध्यंतर झालं, की चंदनबालाच्या तोंडून त्याच सासूची मान लवायला लागायची. कधी तिला पश्चात्ताप व्हायचा, कधी ती सुनेला पोटाशी धरायची, कधी स्वतःच्या पाटल्या काढून तिच्या हातात घालायची. एकदा झालं, दोनदा झालं. सगळ्याच सासवांना मध्यंतरानंतर काय होतं?

याला आणखी एक बाजू होती. आक्काताईचा मुलगा बाहुबली साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होता. खोली भाड्याची, जेवण खानावळीत. दिवाळीला आला तेव्हा जेवता जेवता ताटाकडे बघत म्हणाला, “आई, खोलीला लागून सैपाकघर मिळतंया. हिला न्यावं म्हंतो.”

“बघू,” आक्काताई म्हणाली.

तिच्या ‘बघू’चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. बाहुबली एकटाच परत गेला. खानावळीत काय शिजतं, कधी शिजतं, पाणी गाळतात की नाही, या विचारानं आक्काताईचा जीव वरखाली व्हायचा. पण सून एकदा साताऱ्याला गेली, की मुलगा सणाचा पाहुणा होणार, हेही तिला लख्ख दिसत होतं. मग या घरात उरणार कोण? ती आणि बाळगोंडाचं वर्तमानपत्र.

तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. दर सोमवारी पितळी डब्यात दशम्या, शेंगांची चटणी, मेथीचे लाडू भरून तो सातारच्या येष्टीच्या कंडक्टरकडे द्यायचा. बाहुबली साताऱ्याच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचा, रिकामा डबा गुरुवारी परत यायचा. सगळं ठीक होतं. पण गेले दोन महिने रिकामा डबा घासून यायला लागला होता. लखलखीत. आक्काताईनं तो नेहमीसारखा हुंगून बघितला, झाकणाच्या कडेतून नख फिरवून बघितलं. कुठं चिकटा नाही, तेलाचा वास नाही. एकटा राहणारा बाप्या माणूस डबा असा घासतो? मग साताऱ्यात डबा घासतंय कोण?

हे ती कुणाला बोलली नव्हती. सुनेला तर नाहीच. आणि सून साताऱ्याचं नावही काढत नव्हती. मागितलं असतं, तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. ही मागतच नव्हती. नुसते सिनेमे सांगत होती.

पौषात चंदनबालाच म्हणाली, “आत्याबाई, थेटरात नवा लागलाय. लय चांगला हाय म्हंत्यात.”

“कोण म्हंतं?”

“वाचनालयात बोलत हुत्या बाया.”

गेल्या दोघी. आणि पडद्यावर बघते तर काय, तिथंही पितळी डबा! मुलगा शहरात नोकरीला, बायको गावाकडं, सासू तिला काही धाडायला तयार नाही. सून रोज पहाटे उठून डबा करते आणि दुधाच्या गाडीवाल्याबरोबर शहरात पाठवते. एक दिवस डबा परत येतो तो जड. सून झाकण काढते. जसाच्या तसा भरलेला. दोन्ही हात गालांवर, मागं ढगांचा गडगडाट, आणि मध्यंतर.

आक्काताई पहिल्यांदाच जागेवरून उठायची विसरली.

“आत्याबाई, दिवस जाईल,” चंदनबाला हळूच म्हणाली.

आक्काताई उठली. वाटभर एकच विचार. डबा का परत आला? तिथं दुसरी कुणी असणार. नक्की असणार. आणि ह्या पोरीनं आपल्याला नेमका हाच सिनेमा दाखवला कशाला?

संध्याकाळी सोप्यात चंदनबालानं पुढचं सांगितलं. “त्याला ताप आलेला असतोय. खोलीवर एकटाच पडलेला. तोंडाला चव न्हाई, म्हून डबा तसाच. हिकडं सासू म्हणती, तुज्या हाताला चव न्हाई, म्हून माजं लेकरू जेवलं न्हाई. पर ती काय ऐकत न्हाई. तोच डबा पोटाशी धरती आन निघती येष्टी स्टँडवर. गाडी हलती. आन मागनं सासू! पळत येती बगा, पायात व्हाण न्हाई, हातात लाडवांचं गाठोडं. म्हणती, जा बाई, तुजा संसार तितं हाय.”

बनुबाईनं डोळे पुसले. “सासू असावी तर अशी.”

“पळायला काय तिला म्हातारपण न्हवतं?” आक्काताई म्हणाली. “मध्यंतरापातुर गुडघं दुखत हुतं तिचं. मी बघितलंय.”

चंदनबाला शेंगा फोडत राहिली. वर्तमानपत्रामागून बाळगोंडा म्हणाला, “आगं, सिनेमा सारा खोटाच की. त्यात गुडघं कशाला बघायचं?”

“खोटा तर खोटा. पर समद्यांस्नी योकच खोटं सांगाय पायजे.”

हे ती बोलून गेली तेव्हा तिच्या हातात काही पुरावा नव्हता. तो चारच दिवसांनी आपल्या पायांनी चालत आला. विजयमाला माहेरी पलूसला जत्रेला गेली होती. तिथं तंबूत जुना सिनेमा लागला होता, आणि माहेरी कोण अडवणार? भावजयीबरोबर जाऊन बघून आली.

“आक्का, तो फाटकाचा सिनेमा की वो! रेल्वेच्या फाटकाचा. पर चंदनानं सांगितला तसा न्हाईच त्यो. ती सून फाटकातनं माघारी येतीया, सासू तिला घरात घेतीया, असं सांगितलं हुतं न्हवं हिनं? कुठली येती! मरती की ती! समद्या बाया हुंदकं देत हुत्या तंबूत.”

“तुजा डोळा लागला आसंल,” आक्काताई म्हणाली.

“डोळा? आवं, माजं लुगडं भिजलं रडून!”

चंदनबाला मागं आडावर होती. आक्काताईनं विजयमालेला आवाज खाली करायची खूण केली. “हिला बोलू नगंस काय.” सुनेला लगेच धरायचं तिच्या मनात नव्हतं. विजयमालेच्या भरवशावर तर मुळीच नाही. बायका जत्रेतून आल्या की काहीही सांगतात. आपल्या डोळ्यांनी बघायचं.

रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “चल, डब्याचा सिनेमा बघून यिऊ.”

चंदनबाला बघतच राहिली. “तोच? परत?”

“त्यातलं जात्यावरचं गाणं बरं हाय.”

एकाच सिनेमाला दोनदा तिकीट काढणाऱ्या लोकांना आक्काताई आजवर खुळ्यात काढत आली होती. बाळगोंडानं वर्तमानपत्र खाली घेतलं, बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि ते परत वर धरलं.

थेटरात तिनं जात्यावरचं गाणं ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचं सगळं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे होतं. सून मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि डबा दिसला की तिची बोटं एकमेकांत अडकत होती. मध्यंतराचे दिवे लागले. चंदनबालानं सवयीनं पाय आखडून सासूला जायला वाट करून दिली.

“आज तू जा,” आक्काताई म्हणाली.

“मी?”

“चूल पेटीव. मामंजी दिवस हाय तवर जेवाय पायजेत. आमटी कर. भाकरी तव्यावरनं गरम वाढ. जा.”

“पर आत्याबाई, तुमचं जेवान? तुमी उपाशी...”

“तू ऱ्हातीस न्हवं उपाशी? मी काय मरत न्हाई.”

चंदनबालाचा चेहरा उतरला तो आक्काताईनं नीट बघून घेतला. चोर सापडला, तिला वाटलं. सून दाराशी जाऊन एकदा वळली, काही बोलणार असं वाटलं, पण दारावरच्या माणसानं पडदा सारला आणि ती गेली.

दिवे मालवले. आक्काताईला एकदम चमत्कारिक वाटलं. या वेळी ती नेहमी चुलीपुढं असायची; ऊन परसातल्या शेवग्यावर गेलं की तवा टाकायची. इथं अंधारात ऊन कुठवर आलं काही कळत नव्हतं. बाहेर सूर्य तिला न विचारता मावळत होता. आणि घरी ती पोरगी पाणी गाळत असेल. एकेरी?

पडद्यावर मुलगा तापानं फणफणलेला दिसला. म्हणजे तेवढं खरं सांगितलं होतं. दुसरी कुणी नव्हती, तेही खरं. सासू म्हणाली, तुझ्या हाताला चव नाही. आक्काताई खुर्चीच्या कडेला सरकली. आता ती उठेल, डबा घेईल, स्टँडवर जाईल.

ती उठली नाही. डबा समोर ठेवून उंबऱ्यात बसली. तो जेवत नाही तर मीही जेवणार नाही, म्हणाली. दिवस गेले, झाडाची पानं गळाली, डबा आणि ती तिथंच. सासू घरात येरझाऱ्या घालत होती, किल्ल्या वाजवत होती, पण ‘जेव’ म्हणत नव्हती.

“आगं पर जात का न्हाई ती?” आक्काताई मोठ्यानं बोलली. “येष्टी बंद हुती काय?”

“गप बसा की वो मावशी,” शेजारची बाई पदरात रडत म्हणाली.

मुलगा बरा होऊन परत आला, तेव्हा सून उंबऱ्यावर डोकं ठेवून गेलेली होती. सगळं थेटर रडत होतं. मग सासू आली. तिनं तो डबा मांडीवर घेतला आणि कपाळ बडवायला लागली. पुढच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, “आता रडतीय सटवी! आदी धाडाय काय झालं हुतं?” मागून दुसरा ओरडला, “म्हातारीला डबा खाऊ दे आता!” लोक रडता रडता हसले. शिट्ट्या झाल्या.

आक्काताईला ते सगळं आपल्याच पाठीवर पडल्यासारखं झालं. दिवे लागले, तेव्हा तिनं पदर पार कपाळाखाली ओढून घेतला. दारावरचा माणूस म्हणाला, “आक्का, आज पुरा बघितला! कसा वाटला?”

“वाईट,” ती म्हणाली. “लिवणाऱ्याला अक्कल न्हाई.”

बाहेर अंधार पडायला लागला होता. माधवनगरच्या गाडीत ती खिडकीशी बसली. तिचा संशय खरा ठरला होता. एरवी तो खरा ठरला की तिला पोटभर जेवल्यासारखं व्हायचं. आज पोट रिकामं होतं आणि बाकीही काही गोड लागत नव्हतं. सुनेनं बदललं होतं, सगळं बदललं होतं. पण कशाचं काय केलं होतं? मेलेलीला गाडीत बसवलं होतं. आणि सासूला कपाळ बडवायला न लावता लाडू देऊन पळत आणलं होतं. चार वर्षं प्रत्येक सिनेमातल्या सासूला ती अशीच शिव्यांतून उचलून बाजूला काढत होती काय? का ही आपल्याला गोड गोड सांगून साताऱ्याची वाट मऊ करत होती? दया म्हणावी की डाव? गाडी माधवनगरला आली, तरी आक्काताईला ठरवता आलं नाही. दोन्ही असेल, असं तिला उतरताना वाटलं. आणि दोन्ही असेल तर पोरगी आपण समजत होतो त्याहून हुशार आहे.

सोप्यात बाळगोंडा जेवून बसला होता. “आमटी बरी झालती,” तो आपण होऊन म्हणाला. आक्काताई सरळ आत गेली. चुलीतला विस्तव नीट झाकलेला होता. भाकरीची परात पुसलेली होती. घागरीच्या गळ्यावर गाळायचं फडकं अजून ओलं होतं. तिनं त्याची कड दोन बोटांत धरून चोळली.

दुहेरी. आणि मधोमध घडी, सुरकुती नाही.

चंदनबाला दाराला टेकून उभी होती. “पाय धुवाय पानी काढू?”

“तू जेवलीस?”

“न्हाई.”

“का? दिवस हुता की तवा!”

“तुमी उपाशी. मी कशी जेवू?”

आक्काताई गर्रकन वळली. “जेवली न्हाईस? सिनेमातल्यागत करतीस व्हय गं? उंबऱ्यात बसून मरायचंय?”

बोलून झाल्यावर दोघींनाही कळलं काय बोललं गेलं ते. चंदनबालाचा आवाज अगदी खाली गेला. “आत्याबाई, मी...”

तेवढ्यात बाहेर बनुबाईचं खोकणं ऐकू आलं आणि पाठोपाठ विजयमाला. “आक्का! म्हंत्यात, आज तुमी पुरा सिनेमा बघितला? या की भाईर, सांगा तर!”

आक्काताई सोप्यात येऊन बसली. शेंगांची पाटी मांडीवर घेतली. चंदनबाला उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, सावलीत. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण दाराच्या चौकटीवरची बोटं दिसत होती. विजयमालेचे डोळे चमकत होते. पलूसचं प्रकरण तिच्या पोटात मावत नव्हतं.

“मंग? डबा का आला माघारी?”

“ताप आलता त्येला,” आक्काताईनं एक शेंग फोडली. “येकलाच पडला हुता.”

“आन ती?”

आक्काताईनं शेंगदाणा बोटांत फिरवून बघितला, किडका आहे का. पोट उपाशी होतं, पण दिवस मावळल्यावर तो तोंडात टाकता येत नव्हता. तिनं तो पाटीत टाकला.

“ती काय, डबा घेतला आन बसली येष्टीत.”

“खरंच?” विजयमालेचा चेहरा पडला. “म्हंजे चंदनानं सांगितलं तसंच?”

“मंग? सिनेमा योकच असतोय. दोन येळा बघितला म्हून शेवट बदलतोय व्हय?”

वर्तमानपत्रामागून बाळगोंडाला ठसका लागला.

“आन सासू पळत येती?” बनुबाईनं विचारलं. तिला तेवढंच पुन्हा ऐकायचं होतं.

“पळत कशाला येईल? गुडघं दुखत हुतं तिचं. रिक्षानं आली. पर लाडू दिलं. आन म्हनली, जा. पर दर सणाला यायचं, आन चार दिस आदी यायचं. त्यो आला न्हाई तर तू येकली ये. असं तिनं गाडी सुटायच्या आदी कबूल करून घेतलं.”

“ह्ये चंदनानं न्हवतं सांगितलं,” विजयमाला म्हणाली.

“तिच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. ल्हान हाय ती.”

उंबऱ्याआतून नाक ओढल्याचा आवाज आला. कुणी तिकडं बघितलं नाही. बनुबाईनं पदर डोळ्यांना लावला, विजयमालेनं फाटकाच्या सिनेमाबद्दलही दोन-चार प्रश्न विचारून बघितले, पण आक्काताईच्या तोंडून फाटकातली सून जिवंतच परत येत राहिली. शेवटी दोघी उठल्या.

त्या गेल्यावर आक्काताई आत आली. चंदनबाला तिच्या पायाशी वाकायला लागली, तशी ती बाजूला सरकली. “ऱ्हाऊ दे. मला येक सांग. साताऱ्याचा डबा घासून येतोय. कोण घासतंय?”

“त्येच घासत्यात.”

“बाहुबली? त्येनं जल्मात ताट उचललं न्हाई.”

“दिवाळीला आलं हुतं तवा मी शिकवलं. चिंच लावायची, मग राख.”

“का?”

चंदनबाला खाली बघत म्हणाली, “तुमी डबा हुंगून बघता म्हून.”

आक्काताईला हसू आलं. ते तिनं तोंडातच ठेवलं. “उद्या सोमवार,” ती म्हणाली. “डबा कंडक्टरकडं देऊ नगंस. तू घिऊन जा. बाहुबलीला मामंजी सकाळी तार करतील.”

“आत्याबाई...”

“रडू नगंस. मी म्हैन्याभरानं येणार हाय. तितं पाणी कसं गाळत्यात, ते सिनेमात दावलं न्हाई कुणी. मी बघणार.”

तिनं फळीवरची ट्रंक उघडली. तळाशी तिच्या माहेरचं, घट्ट विणीचं पांढरं कापड होतं. त्यातलं एक फडकं तिनं फाडून सुनेच्या हातात दिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत काढून घेतलं, दुहेरी केलं, आणि कंदिलापुढं उजेडात धरून कडेपासून कडेपर्यंत बघत राहिली, कुठं भोक तर नाही ना.